व्यंग नसलेली चित्रे

२०२५ च्या मार्चच्या अखेरीस आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे सगळे नातेवाईक दोन दिवसांत एकमेकांसारखे दिसू लागले. पुतण्या, त्याची बायको, चिपळूणचा मामेभाऊ, न्यू जर्सीतली भाची आणि तिचा कुत्रा, सगळ्यांचे डोळे मोठे झाले, गालांवर एकसारखी लाली आली, पाठीमागे कापसाचे ढग आले आणि दुपारी चारच्या सुमाराचे ते मऊ ऊन आले. तिसऱ्या दिवशी पुतण्याने माझ्या आईवडिलांचा एक जुना फोटो त्या यंत्रात घातला आणि निघालेले चित्र ग्रुपवर टाकले.

मूळ फोटो १९७१ चा, साताऱ्याच्या एसटी स्टँडवरचा. वडिलांनी उन्हामुळे एक डोळा जवळजवळ मिटलेला आहे, हातात कापडी पिशवी आहे आणि तिचा एक बंद सुटलेला असल्याने ती त्यांनी खालून धरली आहे. आई शेजारी उभी आहे, ओठ घट्ट मिटून. आईचे वरचे दात पुढे होते. तिला त्याची आयुष्यभर लाज वाटत असे. तिच्या एकाही फोटोत तिचे दात दिसत नाहीत. लग्नाच्या फोटोतही नाहीत. यंत्राने वडिलांचे दोन्ही डोळे उघडले, पिशवीला दोन्ही बंद लावले, मागच्या एसटीच्या पाटीवर देवनागरीसारखी दिसणारी पण कोणत्याच भाषेत नसलेली अक्षरे काढली, आणि आईला हसवले. तोंड उघडून, सरळ, पांढऱ्या, एका ओळीतल्या दातांनी.

वहिनींनी लगेच लिहिले, ‘आई किती गोड हसतायत!’ त्याखाली बदामांची रांग लागली. मीही एक बदाम टाकला. मग फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ तो उचलावासा वाटला नाही. असे का झाले हे शोधताना गेले काही महिने जे वाचले, पाहिले आणि जमा केले, त्यातून हा लेख झाला.

घडलेल्या गोष्टींचा क्रम आधी सांगून टाकतो. २५ मार्च २०२५ रोजी ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटीमध्ये चित्रे काढण्याची नवी सोय दिली. आपला फोटो देऊन ‘हे घिबलीच्या शैलीत कर’ एवढे म्हटले की काम होत असे. कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी स्वतःचे खात्यावरचे चित्रही तसेच करून घेतले आणि दोन दिवसांनी, आमची यंत्रे वितळायला लागली आहेत, अशी अर्धी तक्रार अर्धी जाहिरात केली. पहिल्या आठवड्याभरात तेरा कोटींहून अधिक लोकांनी सत्तर कोटींहून अधिक चित्रे काढून घेतल्याचे कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर केले, आणि भारत ही आमची सर्वांत वेगाने वाढणारी बाजारपेठ आहे हेही सांगितले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या मायगव्ह खात्यावरही पंतप्रधानांची अशी चित्रे आली. तेव्हा आमचे घराणे काही वेगळे वागले नाही.

ज्या स्टुडिओच्या नावाने हे सारे झाले तो स्टुडिओ घिबली हायाओ मियाझाकी, इसाओ ताकाहाता आणि निर्माते तोशिओ सुझुकी यांनी १९८५ साली जपानमध्ये उभा केला. त्याचे काम मुख्यतः हाताने होते. ‘द विंड रायझेस’ या २०१३ च्या चित्रपटात भूकंपानंतर लोकांची गर्दी पळते आहे असे सुमारे चार सेकंदांचे एक दृश्य आहे. ते काढायला एका चित्रकाराला सव्वा वर्ष लागले. हा आकडा तेव्हा वादात सगळ्यांनी सगळ्यांच्या तोंडावर फेकला. मला तो तितकासा पटत नाही, म्हणजे पुरावा म्हणून पटत नाही. कष्ट जास्त म्हणून कला थोर, हा हिशेब कुठल्याही हातमागाच्या दुकानातला आहे. त्या दृश्याची थोरवी वेगळीकडे आहे. त्या गर्दीत कुणी गाठोडे सांभाळते आहे, कुणी पोर काखेत मारले आहे, कुणी वळून बघते आहे, प्रत्येकाची भीती निराळी आहे. सव्वा वर्ष लागले ते या निराळेपणासाठी. नेमका तोच यंत्राच्या घिबलीत नव्हता.

वादात आणखी एक गोष्ट चुकीची सांगितली गेली आणि ती सरळ करायला हवी. मियाझाकी यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रांना ‘जीवनाचा अपमान’ म्हटले, असे एक वाक्य त्यांच्या रागीट छायाचित्रासह जगभर फिरले. गंमत म्हणजे त्याचीही मीमच झाली. ते वाक्य २०१६ च्या एनएचके वाहिनीवरील माहितीपटातले आहे. त्यांना दाखवले गेले होते ते आजच्यासारखे चित्र काढणारे यंत्र नव्हते. संगणकाने स्वतः शिकून हलवलेले एक विद्रूप शरीर होते, जे डोक्याचा पायासारखा वापर करत सरपटत होते. भुताखेतांच्या खेळात ते उपयोगी पडेल असे दाखवणारे म्हणाले. मियाझाकींना आपला एक अपंग मित्र आठवला, ज्याला हात वर करून टाळी देणेही कष्टाचे होते. त्या मित्राला डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ते उद्गार काढले. माणसासारखी चित्रे काढणारे यंत्र करायचे आहे, हे त्यांना त्यानंतर सांगण्यात आले, आणि त्यावर माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडत चालला आहे अशा अर्थाचे ते खिन्नपणे बोलले. दोन्ही उद्गार एकत्र करून वापरले की वाद सोपा होतो, पण मूळ मुद्दा हरवतो. मूळ मुद्दा एका शरीराचा होता. कुणाच्या तरी खऱ्या व्यंगाकडे पाहून केलेले चित्रण, आणि ते व्यंग कुणाचे आहे याची वार्ताही नसलेले चित्रण, यांतल्या फरकाचा.

मराठीत या फरकासाठी चांगला शब्द आहे. इंग्रजी कार्टूनला आपण व्यंगचित्र म्हणतो, आणि कुणाच्या चेहऱ्याच्या विनोदी चित्राला अर्कचित्र. ‘व्यंग’ म्हणजे अंगातले उणे. त्याच्या शेजारीच संस्कृत काव्यशास्त्रातला ‘व्यंग्य’ उभा आहे, म्हणजे शब्दांनी सरळ न सांगता सुचवलेला अर्थ. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही दोन भावंडे नव्हेत, एकाचे घर अंगाकडचे आणि दुसऱ्याचे अंजनाकडचे. पण मराठी व्यंगचित्रकाराने दोघांनाही एका पानावर राबवले आहे. चेहऱ्यातले उणे नेमके हेरायचे, आणि त्या उण्यातून काहीतरी सुचवायचे. अर्कचित्रात तर क्रिया नावातच आहे: पुष्कळ काही जाळून थोडे उरवायचे.

वसंत सरवटे यांनी जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ला चेहरा दिला तेव्हा असा कुणी माणूस अस्तित्वातच नव्हता. ‘ललित’च्या वाचकांनी मात्र पुढे त्या चित्रालाच लेखक मानले. साहित्यिकांची जी अर्कचित्रे सरवट्यांनी काढली त्यांत एखाद्याची मान, एखाद्याचा चष्मा, बसण्याची एखादी लकब एवढेच कधीकधी ठेवलेले असे, आणि तरी तो माणूस त्याच्या लेखनासकट ओळखू येई. कारण सरवटे त्या माणसाला वाचत होते. त्यांनी व्यंगचित्रकलेवर मराठीत सातत्याने आणि गंभीरपणे लिहिले, परदेशी व्यंगचित्रकारांची ओळख करून देणारे ‘परकी चलन’ लिहिले, हेही आज आठवावे. रेषा हे एक प्रकारचे लेखन आहे ही समज मराठी वाचकाला देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आणि शि. द. फडणीस. १९२५ साली जन्मलेल्या या माणसाने २०२५ मध्ये शंभरी गाठली, त्याच वर्षी ही सत्तर कोटी चित्रे निघाली. बसथांब्यावर उभे असलेले तरुण आणि तरुणी, एकाच्या कपड्यांवर मांजरे आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर, हे त्यांचे पन्नाशीच्या दशकातले मुखपृष्ठ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते सांगावे लागत नाही. ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना या एका वाक्यात ते दिसले असेल. फडणिसांच्या चित्राची ही कसोटीच आहे: चित्रात शब्द नसतात, पण ते सांगता येते, कारण त्यात एक कल्पना असते. माझ्या ग्रुपवरच्या चित्रांपैकी एकही मला दुसऱ्याला सांगता येणार नाही. काय सांगू? मामेभाऊ उभा आहे. छान उभा आहे.

तर माझी पहिली समजूत अशी झाली की यंत्राच्या या चित्रांत व्यंग नाही, कोणत्याच अर्थाने नाही. माणसातले उणे ते भरून काढते, आणि सुचवायचे त्याला काही नसते. आईचे दात सरळ झाले ते याच न्यायाने. अर्क काढण्याच्या नेमके उलटे काम आहे हे, पाकात बुडवण्याचे. जे चित्र हजारो चेहऱ्यांच्या सरासरीतून येते ते कुणा एकाचे उणे कसे दाखवणार?

ही समजूत एका चित्रापुढे टिकली नाही. २७ मार्चला, म्हणजे लाट येऊन दोनच दिवस झालेले असताना, अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या अधिकृत एक्स खात्यावरून एक घिबली शैलीतले चित्र प्रसिद्ध झाले. देशातून पूर्वी बाहेर काढलेली आणि पुन्हा आत आलेली एक स्त्री, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेली, पकडली गेल्यावर रडते आहे आणि एक गणवेशधारी अधिकारी तिला बेड्या घालतो आहे. मूळ छायाचित्र सरकारी यंत्रणेनेच दिलेले होते. ते पाहताना माणूस दोन घटका थबकतो. गुन्हा काय, शिक्षा काय, हे प्रश्न मनात येतात, कारण समोरचे रडणे कुरूप आहे. खरे रडणे कुरूपच असते, नाक वाहते, तोंड वेडेवाकडे होते. चित्रातले रडणे मात्र गोड आहे. अश्रू टपोरे आहेत. अधिकारी शांत आहे. एखाद्या लहान मुलीच्या चित्रपटात ती हरवली असेल आणि पुढच्या प्रसंगात आजी भेटेल, असे ते दिसते.

या चित्राला मत नाही असे म्हणता येईल का? त्याला अतिशय स्पष्ट मत आहे. ते मत यंत्राचे नाही, प्रसिद्ध करणाऱ्याचे आहे. ‘हिच्या रडण्याची आम्हाला मौज वाटते’ हे एखाद्या सरकारने स्वतःच्या शब्दांत लिहिले असते तर त्याला जाब विचारला गेला असता. इथे ते वाक्य शैलीने उच्चारले आणि शैली उसनी होती. इस्रायलच्या सैन्यानेही त्याच दिवसांत आपल्या जवानांची अशी चित्रे प्रसिद्ध केली, आणि आपल्याकडे बाबरी पाडल्याच्या प्रसंगाची घिबली चित्रेही काही उत्साही मंडळींनी करून फिरवली. ज्या स्टुडिओने १९८८ साली ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ काढला, आगीच्या बॉम्बवर्षावात कोबे शहरात अनाथ झालेल्या भाऊबहिणीची कथा, त्याची शैली. तिचे दिग्दर्शक ताकाहाता यांनी स्वतः वयाच्या नवव्या वर्षी ओकायामावरचा हवाई हल्ला भोगला होता.

म्हणून ‘यंत्राच्या चित्राला कर्ता नाही’ हा सोयीचा समज मी सोडून दिला. चित्र काढणारा कुणी नसेल, पण ते कुणावर तरी फेकणारा असतो, आणि टीका त्याच्याकडे वळली पाहिजे. पूर्वी व्यंगचित्रकाराला धमक्या येत, खटले होत, संपादकाला माफी मागावी लागे. वाईट गोष्टी होत्या, पण रेषेखाली सही होती म्हणून होत होत्या. या नव्या चित्रांखाली सही नाही हा त्यांचा खरा उपयोग आहे.

कायद्याकडे मी फारशा आशेने पाहत नाही. शैलीवर मालकी सांगता येत नाही, आणि सांगता येऊही नये. नाहीतर दलालांच्या मुखपृष्ठांच्या पाऊलखुणांवर चालणाऱ्या निम्म्या मराठी चित्रकारांना कोर्टात उभे राहावे लागले असते. पण कंपनीने तेव्हा जे स्पष्टीकरण दिले ते भाषेच्या अभ्यासकांनी जपून ठेवावे असे आहे. हयात असलेल्या एकट्या कलावंताच्या शैलीत चित्र मागितले तर आमचे यंत्र नकार देईल, मात्र एखाद्या स्टुडिओची व्यापक शैली चालेल. मियाझाकी तेव्हा हयात होते, चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांनी एकट्याने काम केले असते तर वाचले असते. सहकाऱ्यांना घेऊन घर बांधले म्हणून घर सगळ्यांना मोकळे झाले.

आता या लाटेच्या दुसऱ्या टोकाकडे जातो, कारण गोड चित्रांवर लिहिणे सोपे आहे. माझ्या पुतण्याची मुलगी आठ वर्षांची आहे. मे महिन्यात ती आमच्याकडे राहायला होती आणि दिवसभर काही नावे घोळवत होती: त्रालालेरो त्रालाला, बॅलेरिना कापुचिना, तुंग तुंग तुंग साहूर. मी विचारले, हे काय गं? तर म्हणाली, ‘आजोबा, हे इटालियन ब्रेनरॉट आहे, तुम्हाला नाही कळणार.’ मग दयाळूपणे सगळी प्राणिसृष्टी दाखवली. निळे बूट घातलेला तीन पायांचा शार्क. डोक्याच्या जागी कॉफीचा कप असलेली नर्तकी. हातात दांडके घेतलेला लाकडी ओंडका, ज्याचे नाव रमझानमध्ये पहाटे सहरीसाठी लोकांना उठवणाऱ्या इंडोनेशियातल्या ढोलाच्या आवाजावरून आले आहे. २०२५ च्या सुरुवातीपासून ही यंत्राने काढलेली पात्रे, त्यांच्यावर यंत्राच्याच आवाजातले इटालियन वळणाचे निवेदन, जगभरच्या मुलांच्या तोंडी आहेत. ‘ब्रेन रॉट’ हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०२४ चा शब्द म्हणून निवडला होता. मुलांनी तो शिवी म्हणून न घेता आडनावासारखा लावून घेतला.

मला ती पात्रे आवडली, हे कबूल केले पाहिजे. घिबलीच्या साखरेनंतर हे तिखट बरे वाटले. निरर्थकाची भूक मुलांना असते, आणि ती भागवणे हे साहित्याचे जुने काम आहे. विंदांनी मराठीत ते केले. बंगालीत सुकुमार राय यांनी १९२३ च्या ‘आबोल ताबोल’मध्ये प्राण्यांची खिचडी केली आणि चित्रेही स्वतः काढली: हांसजारू, बकच्छप, हातिमी. तेव्हा माझ्या नातीचा शार्क या घराण्यातला मानायला काय हरकत आहे, असे मी काही दिवस स्वतःला विचारत होतो.

सुकुमारांचे प्राणी कसे जुळले आहेत ते पाहावे. हांस म्हणजे बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर. एकाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ ‘स’वर एक होतो. बक आणि कच्छप ‘क’वर भेटतात. हाती आणि तिमी, म्हणजे देवमासा, ‘ती’मध्ये मिसळतात. जोड आधी भाषेत सापडला आहे आणि मग चित्रात शरीर झाला आहे. मूल ते नाव उच्चारते तेव्हा त्याला टाक्याची जागा जिभेवर लागते, आणि मग ते स्वतः असे प्राणी करू लागते. नियम कळला की खेळ आपला होतो. शार्कला बूट का, याला असा नियम नाही. दोन शब्द यंत्राला दिले, यंत्राने ते शिवून दिले. नातीला मी सुचवले की आपण आपला एक प्राणी करू. तिने लगेच फोन मागितला. कागद पुढे केला तेव्हा ती खरोखर गोंधळली. शेवटी ‘मांजर आणि जरदाळू’ जोडून आम्ही एक मांजरदाळू काढला, बेताचाच होता, पण तिला त्यातला ‘जर’ सापडला तेव्हा ती जी हसली ते हसणे त्रालालेरोला मिळाले नव्हते. एका मुलीवरून सिद्धान्त काढू नये हे मला कळते.

याच प्राणिसंग्रहात एक बोंबार्दिरो क्रोकोदिलो आहे. मगरीचे तोंड आणि बॉम्बफेकी विमानाचे शरीर. नातीला तो फार प्रिय; त्याचे इटालियन निवेदन तिला अर्थ न कळता पाठ होते. मी ते भाषांतर करून वाचले. ही उडणारी मगर गाझा आणि पॅलेस्टाइनमधल्या मुलांवर बॉम्ब टाकते, असे त्यात सांगितले आहे. विनोद म्हणून. आठ वर्षांची एक मराठी मुलगी स्वयंपाकघरात पोळीचा तुकडा तोंडात घेऊन, तिच्याएवढ्या मुलांवर बॉम्ब टाकण्याचे वाक्य सुरात म्हणत होती, आणि ते वाक्य तिच्यापर्यंत पोचवताना वाटेत कुणालाच काही वाटले नव्हते.

मियाझाकींनी १९९२ साली ‘पोर्को रोस्सो’ काढला. तोही इटालियन, तोही विमान आणि जनावर यांची जोड: डुकराचा चेहरा असलेला वैमानिक. पण तो डुक्कर का झाला? पहिल्या महायुद्धात त्याचे सोबती आकाशात मेले आणि तो वाचला. त्यानंतर त्याला माणसाचा चेहरा राहिला नाही. चित्रपट हे कारण मोठ्याने सांगत नाही. त्या चेहऱ्यातच ते आहे. व्यंग आणि व्यंग्य इथे खरोखर एक झाले आहेत. मियाझाकींना विमानांचे वेड आहे, स्टुडिओचे नावही त्यांनी एका इटालियन लष्करी विमानावरून घेतले, आणि त्या वेडाची शरम त्यांना कधी सोडत नाही. ‘द विंड रायझेस’ हा सारा चित्रपट, सुंदर विमान बनवू पाहणाऱ्या आणि त्यातून लढाऊ विमान घडवणाऱ्या अभियंत्याविषयीचा, त्या शरमेचाच आहे. बोंबार्दिरोला शरम नाही. त्याला डोळे आहेत, दात आहेत, चार पंखे आहेत. मगर विमान का झाली हे कुणी त्याला विचारलेले नाही.

‘मीम हा प्रकारच मुळी नकलेचा’ हा आक्षेप मी ऐकून आहे. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये हा शब्द केला तोच हाताळून, नक्कल होत होत पसरणाऱ्या सांस्कृतिक अंशासाठी. ओवीला कर्ता नाही, लावणीचे पाठ बदलतात, म्हणी कुणी केल्या ते कुणाला ठाऊक? हे सगळे खरे आहे. परंतु ओवीच्या कर्तीचे नाव हरवले, तिचे जाते हरवले नाही. ओवीत ते फिरताना ऐकू येते. इंटरनेटवरच्या जुन्या मीमांचेही तसेच होते. जळत्या खोलीत कॉफी पीत ‘सगळे ठीक आहे’ म्हणणारा कुत्रा के. सी. ग्रीन या चित्रकाराने २०१३ मध्ये काढला. जगाने तो पळवला, पण त्यातली कल्पना त्याची होती आणि प्रत्येक नकलेत ती शाबूत राहिली. मॅट फ्युरीचा पेपे नावाचा बेडूक वंशद्वेष्ट्यांनी पळवला तेव्हा फ्युरीला ‘हा माझा बेडूक आहे, तुमचा नाही’ असे म्हणत न्यायालयात जाता आले. बोंबार्दिरोच्या वतीने कोण जाणार?

आपल्या अंगणाकडेही पाहायला हवे. दिवाळी अंक ही मराठी व्यंगचित्राची सर्वांत मोठी भिंत होती. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने ही प्रथा पाडली, आणि अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’ने, तसेच ‘आवाज’ने मुखपृष्ठावर आणि आत हास्यचित्राला मानाची जागा दिली. ‘आवाज’च्या खिडकीचित्रांवर नाके मुरडली गेली, पण खिडकी उघडण्यापूर्वी वाचकाला काय वाटेल आणि उघडल्यावर काय दिसेल याचा विचार कुणीतरी टेबलाशी बसून केलेला असे. यंदा माझ्या ओळखीच्या एका तरुण चित्रकाराला एका अंकाच्या संपादकांनी फोन केला आणि मुखपृष्ठ मागितले नाही. यंत्राकडून काढून घेतलेल्या मुखपृष्ठावरच्या बाईच्या हाताला सहा बोटे आली आहेत, तेवढी दुरुस्त करून द्याल का, असे विचारले. मानधनही बोटाच्या हिशेबाने होते. त्याने करून दिले, कारण दिवाळी तोंडावर होती. संपादक मला परके नाहीत. कागद, छपाई, टपाल, जाहिरातदारांची रोडावलेली रांग, त्यांची गणिते मला कळतात. पण ते सहावे बोट हेच त्या चित्रातले एकमेव व्यंग होते, आणि ते पुसायला माणूस लागला.

आईच्या चित्राचे पुढे असे झाले की पुतण्याने ते मोठे करून, चौकटीत बसवून, गणपतीत घरी आणून लावले. त्याचा हेतू चांगला होता. त्याने आजीला पाहिलेले नाही. त्याच्या जन्माआधी ती गेली. मी त्याला दातांची गोष्ट सांगितली. तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘पण काका, आजीला हे आवडलं असतं की नाही?’

मला उत्तर देता आले नाही. आवडले असते, अशी मला भीती आहे. तिने ते चित्र पदराने पुसून पुन्हा पुन्हा पाहिले असते, आणि कुणी आले की आधी ते दाखवले असते. टीकाकाराला हे नाकारता येत नाही आणि नाकारू नये. तेरा कोटी लोक काही मूर्ख नव्हते, त्यांपैकी पुष्कळांचे चित्र आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी काढत होते. तरी ते मिटलेले ओठ तिचे स्वतःचे होते. चाळीस वर्षे प्रत्येक कॅमेऱ्यासमोर तिने ते स्वतः मिटले होते.

मी पुतण्याकडून मूळ फोटोची एक प्रत करून घेतली आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात खोचली. आता पाहणारा आधी मोठे चित्र पाहतो, मग जवळ येऊन कोपऱ्यातला फोटो पाहतो, आणि मागे सरकून पुन्हा मोठे चित्र पाहतो. वहिनींनीही तसेच केले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त फोटोची उचलली गेलेली कड बोटाने दाबून सरळ केली.